चाफ्याभोवतीचा कट्टा

कृष्णातला सगळ्या जगाचा हेवा वाटायचा असं नाही. एकाच माणसाचा वाटायचा, पण तो पोटभर. त्या माणसाचं नाव जोतीराम.

दोघं एकाच वर्षी आप्पासोंच्या फाउंड्रीत लागले, तेव्हा ती कोल्हापुरात उद्यमनगरात होती. दोघंही मोल्डर. काळी वाळू पेटीत भरायची, रॅमरनं कुटायची, तिच्यात साचा उठवायचा आणि साच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, हे त्यांचं काम. वीस-बावीस वर्षं दोघांच्या पेट्या शेजारी शेजारी होत्या. पुढं फाउंड्री कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गेली आणि दोन वर्षांत जोतीरामनं नोकरी सोडली. हायवेच्या कडेला भावाच्या शेतात त्यानं नर्सरी टाकली. कृष्णातनं तेव्हा अख्ख्या शेडला सांगितलं होतं, सहा महिन्यांत हा हात हलवत परत येतोय बघा. सहा महिने गेले, सहा वर्षं गेली, जोतीराम काही परत आला नाही. उलट त्यानं चारचाकी घेतली, डोक्यावर हिरवी टोपी घातली आणि मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरायला लागले. जास्वंदीच्या कळ्या का गळतात, कढीपत्ता का वाळतो, असलं काहीबाही. लोक त्याला झाडांचा डॉक्टर म्हणू लागले. सातवी नापास डॉक्टर, असं कृष्णात म्हणायचा. आपण आठवी नापास आहोत हे तो अशा वेळी काढायचा नाही.

बाहेरच्या लोकांचं एक वेळ चाललं असतं, पण घरात बायको होती, शालूबाई. शिवाजी पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांपुढं तेलाच्या डब्यात मोगरा होता, तो जोतीरामच्या नर्सरीतला. डाळ निवडताना ती मोबाइल भिंतीला टेकवून व्हिडिओ लावायची.

"भावजींचं बोलणं किती ग्वाड हाय बघा," ती म्हणायची. "न्हायतर तुम्ही. झाडासंगं बोलताय का भांडताय त्येच कळत न्हाय."

त्यावर कृष्णात ताटावरून उठायचा नाही, कारण भूक लागलेली असायची. पण पुढचा घास घशाखाली उतरता उतरायचा नाही.

कृष्णातही झाडांतच होता, म्हणून तर जास्त झोंबायचं. बारा वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या पायावर लोखंड सांडलं होतं. पाऊल वाचलं, पण दिवसभर उभं राहणं संपलं. तेव्हा आप्पासो जिवंत होते. त्यांनी त्याला कारखान्यासमोरच्या बागेत नेलं आणि म्हणाले, "आजपासून ही तुझी." बागेच्या मधोमध सोनचाफा होता. नव्या शेडमध्ये पहिलं लोखंड ओतलं त्या दिवशी आप्पासोंनी स्वतः खड्डा काढून लावलेला. भट्टीच्या धुरातून, तेलाच्या वासातून वाट काढून त्या चाफ्याचा घमघमाट गेटपर्यंत यायचा. आप्पासो गेल्यावर रोज सकाळी त्यांच्या तसबिरीला त्या झाडाचं फूल जायचं, आणि ते कृष्णातच्या हातानं जायचं. वाळूतला मोल्डर म्हणून त्याचं जेवढं नाव होतं, तेवढंच आता चाफ्याचा माळी म्हणून झालं होतं.

तो चाफा आजारी पडला.

आदल्या पावसाळ्यापासून पानं पिवळी पडत होती. कृष्णातला वाटलं, पाणी कमी पडतंय. त्यानं एका बादलीच्या दोन केल्या. मग युरिया टाकला. मग साखर कारखान्यातली मळी आणून टाकली. बुंध्याला चुना आणि गेरू लावला, लिंबोळीचं तेल फवारलं. जितके उपचार झाले तितकं झाड खाली गेलं. नवी पानं बोटाएवढी यायला लागली, कळ्या उमलायच्या आधी गळायला लागल्या आणि एप्रिलमध्ये शेंड्याच्या तीन फांद्या वाळून करकरीत झाल्या. आप्पासोंच्या तसबिरीला आठ दिवस बाजारातला झेंडू गेला.

मग आक्का बागेत आल्या. पद्मावतीबाई, आप्पासोंची बायको, सगळा कारखाना त्यांना आक्का म्हणतो. कारखाना आता मुलगा वृषभ बघतो, पण आक्का रोज तासभर येऊन बसतात. त्यांनी वाळलेल्या फांदीकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कृष्णात, जोतीरामला बोलवून घेतलंय मी. सोमवारी येतोय."

"त्येला कशाला आक्का? मी हाय की."

"तू हायस, म्हणून तर सांगायला आले. वृषभ म्हणतोय, चाफा वाचला न्हाय तर बागेचं सगळंच काम जोतीरामच्या नर्सरीला देऊन टाकूया. मी म्हटलं, आधी झाड बघू दे त्याला."

कृष्णातला निवृत्तीला दोन वर्षं होती. ही दोन वर्षं आतल्या स्टोअरला पोती मोजत काढायची आणि खिडकीतून जोतीरामची माणसं आपल्या चाफ्याला पाणी घालताना बघायची, एवढं चित्र त्याच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं आणि त्याच्या अंगाची लाही झाली. चाफा मरणार याचं दुःख त्याला होतंच. पण तो जोतीरामच्या हातानं जगणार, याचं त्याहून मोठं होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण खोटं कशाला लिहू.

सोमवारी जोतीराम आला. टोपी काढून आक्कांना नमस्कार केला, कृष्णातच्या खांद्यावर हात ठेवला. "काय कृष्णा, पाय बरा हाय न्हवं?"

"पायाचं सोड, झाडाचं बघ," कृष्णात म्हणाला.

जोतीरामनं झाडाला आधी हात लावला नाही. दोन फेऱ्या मारल्या. मग एक पान खुडून उलटं केलं, उन्हाला धरलं. शेंड्याची फांदी वाकवून नखानं साल खरवडली. आत तपकिरी. एक हात खाली खरवडली, आत हिरवी. कृष्णात खोट काढायला टपून बसला होता. खोट सापडेना, म्हणून तो जास्तच चिडला. हे सालीचं त्याला स्वतःला का सुचलं नव्हतं?

"पानात काय न्हाय," जोतीराम म्हणाला. "किडा न्हाय, बुरशी न्हाय. झाड शेंड्याकडनं वाळत आलंय, म्हंजे दुखणं मुळात हाय. मुळांना घास मिळंना झालाय. कृष्णा, दोन-तीन वर्सांत हितं काय बदललं?"

"काय न्हाय."

"असं कसं," आक्का म्हणाल्या. "कट्टा बांधला की आपण. दोन वर्षं झाली गेल्या दसऱ्याला."

जोतीरामनं कट्ट्याकडं बघितलं. बुंध्याभोवती मांडीइतक्या उंचीचा गोल दगडी कट्टा, आत भराव, वर हिरवीगार हरळी. तो कट्ट्यावर चढला आणि टाच आपटली. मग पुन्हा आपटली. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं.

"बुधवारी पहार घेऊन येतो," तो म्हणाला. "आत बघू काय हाय ते."

आत काय आहे ते कृष्णातला चांगलं ठाऊक होतं, कारण ते त्यानंच भरलं होतं. दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या पूजेआधी वृषभनं हा कट्टा बांधायला काढला, कामगारांना सावलीत बसायला. गवंडी नुसता दगडांचा गोल उभा करून गेला. आत भराव पाहिजे होता. तेवढ्यात जोतीरामचा आक्कांना फोन आला, दोन ट्रॉली तांबडी माती पाठवतो, पैसे नकोत, आप्पासोंचं झाड आहे. आक्का हो म्हणणार, एवढ्यात कृष्णात मध्ये पडला. बाहेरची माती कशाला, शेडच्या मागं आपलीच वाळू डोंगराएवढी पडलीय. ती साच्यातून निघालेली जळकी काळी वाळू. फाउंड्रीतला माणूस खड्डा दिसला की तीच टाकतो, रस्त्याला, पायाला, गोठ्याला.

भरायचं तर नीट भरायचं. कृष्णातनं जुना रॅमर शोधून काढला आणि अधू पायावर तोल सांभाळत तीन दिवस थरावर थर कुटला. वर चार बोटं माती पसरून हरळी लावली. दसऱ्याला त्यानं एकेकाला कट्ट्यावर उभं केलं, "पाय रुतला तर सांग मला." कुणाचाही रुतला नाही. आक्कांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. जोतीरामची माती त्याच्या शेतातच राहिली. कृष्णातच्या आयुष्यात इतका गोड दसरा झाला नव्हता.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनमध्ये गेल्यावर कृष्णात खुरपं आणि पहार घेऊन कट्ट्यावर चढला. हरळीचा एक तुकडा उचलून बाजूला ठेवला. खाली चार बोटं माती, पाणी पिऊन चिखल झालेली. तिच्याखाली काळं. खुरपं त्यावर खणकन वाजलं. पहारेनं एक ढेकूळ काढलं, फोडून मुठीत दाबलं, मूठ उघडली. पाची बोटांचे ठसे जसेच्या तसे. मोल्डर वाळू अशीच बघतो. ठसा उमटला आणि मोडल्यावर कड स्वच्छ निघाली, की वाळू जमली. दोन पावसाळे खाऊनही जमलेली होती. वर चिखल आणि खाली कोरडी ठाक. वर्षभर घातलेल्या बादल्यांतलं पाणी तिच्यात शिरलंच नव्हतं, कट्ट्यावरून वाहून गेलं होतं.

तो बुंध्यापाशी उकरत गेला. साल नखाला मऊ लागली. आंबूस वास आला.

साच्याची वाळू कुटताना सुद्धा मोल्डर सळईनं भोकं पाडतो, आतली वाफ बाहेर पडायला. चाफ्याला त्यानं तेवढीही जागा ठेवली नव्हती. जित्या मुळांवर अडीच फूट साचा कुटून बसवला होता, आणि तोही आयुष्यातला सगळ्यात चांगला.

आता एखाद्या चांगल्या माणसाच्या मनात आलं असतं, मी झाड मारलं. कृष्णातच्याही आलं, पण दुसऱ्या नंबरला. पहिल्यांदा आलं ते, उद्या हे जोतीराम बघणार. सगळी वाळू रात्रीत काढावी तर ती दोन ट्रॉली. म्हणून त्यानं खड्डा बुजवला. वाळू परत आत ढकलली, पहारेच्या बुडानं थर दिला, वर हरळीचा तुकडा बेतून बसवला. बुजवून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण सवयीनं तीही कुटलीय.

त्या रात्री शालूबाईनं विचारलं, "भावजी काय म्हणाले चाफ्याचं?" तर त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

बुधवारी जोतीरामनं नेमका तोच तुकडा उचलला. हरळीचा सांधा त्याला दिसला असणार, नर्सरीवाला माणूस. त्यानं पहार घातली, काळं ढेकूळ काढलं आणि हातावर घेतलं. अंगठ्यानं कड तपासली. मग मान वर करून कृष्णातकडं बघितलं. दोघांची नजर भिडली. बावीस वर्षं शेजारी शेजारी कुटलेल्या माणसाला कुणाचा हात कुठला, हे सांगावं लागत नाही.

आक्का खुर्चीवर बसल्या होत्या. "काय सापडलं?"

"भराव चुकलाय आक्का," जोतीराम म्हणाला. "काळी वाळू भरलीया. तिच्यात चिकणमाती असती, कुटली की दगड होती. मुळांना हवा न्हाय, पाणी न्हाय. गवंड्याचं काम दिसतंय. ह्या लोकांना झाडातलं काय कळतंय? कुणाला बोल लावण्यात अर्थ न्हाय."

एवढ्यावर सगळं मिटलं असतं. गवंडी गडहिंग्लजकडं कुठंतरी होता, त्याच्यापर्यंत काही जाणार नव्हतं. कृष्णातची बाजू सावरली होती. आणि ती जोतीरामनं सावरली होती. चाफ्याचं दुखणं यानं शोधलं, बाग यालाच मिळणार, आणि वर मोठेपणाही हाच घेणार. त्यात ते काम गवंड्याच्या नावावर.

"गवंड्याला असं कुटता येतंय व्हय?" तो म्हणाला.

आक्कांनी वळून बघितलं.

"त्या ढेकळाची कड बघा आक्का. बापजन्मात कुठल्या गवंड्याला जमायचं न्हाय. ह्या जोतीरामला सुद्धा जमायचं न्हाय. ही माझी कुटाई हाय. वाळू मीच भरली, मीच कुटली."

शेडमधून ग्राइंडरचा आवाज येत होता.

"म्हणजे चाफा तू मारलास," आक्का म्हणाल्या.

"व्हय आक्का."

"जोतीराम फुकट माती देत होता."

"म्हणूनच. त्येची माती नको हुती मला."

आक्का उठल्या. आप्पासोंनी लावलेल्या झाडाला त्यांनी तळवा टेकवला. कृष्णातला वाटलं, आता गेटबाहेर काढतात. त्या म्हणाल्या, "जोतीराम, जगंल काय?"

"खालची साल हिरवी हाय. भराव मूळ जमिनीपर्यंत काढला, पाऊस लागायच्या आत, तर जगंल. पर यंत्र लावायचं न्हाय. हातानं काढायला पाहिजे."

"मग हा काढंल," आक्का कृष्णातकडं न बघता म्हणाल्या. "एक मूळ तुटता कामा नये. आणि मुंग्यांचं वारूळ असलं तर आधी गूळ ठेवून त्यांना हलव, मग उकर. बागेचं काय करायचं ते झाड जगल्यावर ठरवू."

वारूळ नव्हतं. त्या वाळूत एक गांडूळ सुद्धा सापडलं नाही.

कृष्णात अकरा दिवस उकरत होता. वरचे थर पहारेनं, मुळं जवळ आली तसा खुरप्यानं, आणि शेवटी शेवटी नुसत्या बोटांनी. कुटायला तीन दिवस लागले होते. स्वतःच्या हाताला त्यानं पहिल्यांदाच शिव्या दिल्या. जोतीराम रोज नर्सरी उघडायच्या आधी यायचा. त्याला कुणी बोलवलं नव्हतं, आणि ये म्हणून कृष्णात तर मुळीच म्हणाला नव्हता. जोतीराम बुंध्याची कुजलेली साल चाकूनं स्वच्छ लाकडापर्यंत काढायचा, मोरचूद आणि चुन्याची पेस्ट लावायचा. वाळलेले शेंडे त्यानं कापले. पाणी आणि खत बंद केलं. "पोट बिघडलेल्या माणसाला जेवायचा आग्रह कुणी करतं व्हय?" असं म्हणाला तेव्हा कृष्णातला हसू आलं, पण ते त्यानं दाबलं.

नवव्या दिवशी बुंधा जिथून मुळांत पसरतो ती जागा उघडी पडली. दोघं कट्ट्यात समोरासमोर बसले होते, कोपरापर्यंत काळे, जुन्या दिवसांसारखे.

"तू त्या दिवशी माझं नाव का घेतलं न्हाईस?" कृष्णातनं विचारलं. "माझ्यावर उपकार म्हणून?"

"न्हाय," जोतीराम म्हणाला. तो चाकू पुसत राहिला. "मला तुझं नाव घ्यायची सवय मोडायची हाय. घरात, सपनात, सगळीकडं तुझंच नाव घेतलंय मी."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? माझ्या दहा पेट्यांत तीन साचा ढासळून वाया जायच्या, आठव. तुझी एक न्हाय. आप्पासो यायचे, तुझ्या साच्यावर बोट फिरवायचे, माझ्या पेटीवरनं नुसते पुढं जायचे. बावीस वर्सं म्या ते बघितलं. एक दिवस मला वाटलं, आता ह्येच्या शेजारी आणखी उभा राहिलो तर ह्येच्या डोसक्यात रॅमर घालीन. म्हणून नोकरी सोडली. झाडांची आवड बिवड नंतर लागली."

चौदा वर्षं कृष्णात ज्या माणसावर जळत होता, तो माणूस त्याच्यावर जळून पळाला होता. त्याच्या छातीत एकदम इतकं गार वाटलं की पायाचं दुखणंसुद्धा विसरलं. शरम वाटायला हवी होती, तीही वाटली थोडी, पण आधी गारवा.

मग त्यानं हातावरची वाळू झटकली.

"जोत्या."

"काय?"

"हे एकदा घरला येऊन शालूबाईसमोर सांगशील?"

जोतीराम इतका हसला की त्याच्या हातातला चाकू पडला.

जूनचे पाऊस झाले. कट्ट्याच्या दगडांचा नुसता गोल राहिला, आत चाफा आपल्या मूळ जमिनीवर, भोवती जोतीरामच्या शेतातली तांबडी माती, मोकळी, पाय ठेवला तर रुतेल अशी. जुलैत कापलेल्या शेंड्यांखाली तांबूस कोंब फुटले, आणि पानं तळहाताएवढी झाली. आक्कांनी ती बघितली. बागेचा विषय वृषभनं काढला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "कृष्णात निवृत्त होऊ दे." स्टोअरची पोती टळली.

आखाडातल्या एका रविवारी जोतीराम शिवाजी पेठेत जेवायला आला. हातपाय धुऊन पाटावर बसला आणि कबूल केल्याप्रमाणे त्यानं सगळं सांगितलं, पेट्यांचं, आप्पासोंच्या बोटाचं, नोकरी सोडल्याचं. कृष्णात भिंतीला टेकून बसला होता आणि शालूबाईच्या तोंडाकडं बघत होता.

शालूबाईनं ऐकून घेतलं. तांबड्या रश्श्याची वाटी भरता भरता म्हणाली, "हे तवाच सांगायचं न्हाय व्हय भावजी? तुमच्या पायी चौदा वर्सं ह्यो माणूस नीट जेवला न्हाय. आणि एक चाफा मरता मरता राहिला."

"मी नीट जेवत हुतो," कृष्णात म्हणाला.

पण त्याचं लक्ष तिच्या पळीकडं होतं. मटणातली सगळ्यात मोठी नळी तिनं जोतीरामच्या ताटात वाढली.